मशीनकडून गाणी करून घ्यायला लागल्यापासून चालच सुचंना, मेंदू आळशी होतो का?

रानातली_पेटी (गंगाखेड, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहायलोय, वाचून घ्या.

मी कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रामधी आणि बाकी वर्षभर गावच्या भजनी मंडळाला पेटीवर. घरची सहा एकर आहे, सोयाबीन नि हरभरा, म्हणजे गाणं हे काय पोटासाठी नाही पण जीव त्याच्यातच आहे. सात-आठ वर्षांत गवळणी, भारुडं, पाळणे, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाचं गाणं, सरपंचकीच्या इलेक्शनचं गाणं, अशा लई चाली बसवून दिल्या. कोणी शब्द घेऊन आला की दोन-तीन दिवसांत चाल तयार.

मागच्या दिवाळीला भाच्यानं मोबाईलमधी एक ॲप घालून दिलं. शब्द टाकायचे, खाली "गवळण, ढोलकी, बाईचा आवाज" असं लिहायचं की मिनिटाभरात अख्खं गाणं, ते बी दोन-दोन नमुने. लई भारी वाटलं खरं सांगतो. लोकं बी खूश, काम पटापट व्हायलं, सात-आठ महिन्यांत चाळीस-एक गाणी अशीच काढून दिली.

आता अडचण सांगतो. मावसबहिणीला लेक झाली, पुढच्या पंधरवड्यात बारसं आहे. मावशी म्हणली, बाबू ह्या वेळेस मोबाईलमधलं नको, तू स्वतः पाळणा बसव, तुझ्या आईच्या बारशाचा पाळणा तुझ्या आज्यानं बसवला होता. म्हणून बसलो. तीन तास पेटी पुढ्यात घेऊन बसलो, एक ओळ येईना. जे वाजवायलो ते ॲपनं आधी दिलेल्या कशातलं तरी वाटायलं, म्हणून सोडून द्यायचं, पुन्हा दुसरं धरायचं, ते बी तसंच. बोटं चालतात पण आतून काही येत नाही. आधी असं नव्हतं, आधी ढीगभर यायच्या आणि निम्म्या टाकून द्याव्या लागायच्या.

तर विचारायचं हे की मशीनची सवय लागल्यानं मेंदूतलं ते सुचायचं काहीतरी बंद पडतं का? आणि पडलं तर परत चालू होतं का? अजून एक, मला चाली पेटीवर बसून कधी सुचल्याच नाहीत. रात्रीच्या पाळीची लाईट आल्यावर पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलो की सुचायच्या, नाहीतर ट्रॅक्टरवर. ह्याला काही कारण आहे का मलाच तसं वाटतं? दवाखान्यात जाऊन विचारायसारखा प्रश्न नाही म्हणून इथं टाकला.

कळंबची_ताई

भाऊ, मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते आणि शाळेत असताना गायनाच्या चार परीक्षा दिल्यात, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

अमेरिकेत चार्ल्स लिंब म्हणून एक कानाचे सर्जन आहेत, स्वतः संगीतातले. त्यांनी आणि ॲलन ब्राऊन यांनी 2008 साली एक प्रयोग छापला. जॅझ वाजवणारे सहा पियानोवादक घेतले आणि त्यांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवून वाजवायला लावलं. आता एमआरआयमध्ये केवढं मोठं चुंबक असतं हे तुम्हाला माहीत असेल, लोखंड आत नेता येत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम लोखंड नसलेला छोटा कीबोर्ड करून घेतला, तो मांडीवर ठेवायचा, उताणं झोपून आरशातून बघायचं आणि वाजवायचं. एकदा पाठ केलेलं वाजवायचं, एकदा मनानं, जागच्या जागी रचत.

मनानं वाजवताना काय दिसलं, तर कपाळामागच्या भागाची बाहेरची बाजू, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल म्हणतात तिला, ती मंदावली. तो भाग साधारण आपल्यावर लक्ष ठेवणारा, हे बरोबर का चूक, आता पुढं काय करायचं, लोक काय म्हणतील असं तपासत बसणारा. आणि त्याच पुढच्या भागाचा मधला पट्टा जास्त चालला, ज्याचा संबंध स्वतःबद्दलच्या, आतल्या गोष्टींशी लावतात. म्हणजे तपासनीस जरा बाजूला झाला आणि आतलं बाहेर आलं. माणसं सहाच होती हे लक्षात ठेवा, पण नंतर 2012 ला रॅप करणाऱ्या बाराजणांवर असाच प्रयोग झाला, त्यातही बराचसा असाच नमुना दिसला.

आता तुमचे ते तीन तास बघा. तुम्ही प्रत्येक सूर वाजवला की लगेच "हे ॲपमधलं तर नाही ना" असं तपासत होतात. तपासनीस मांडीवर बसलेला. दारं धरताना तो नसतो, कारण पाणी कुठं फुटलं एवढंच बघायचं असतं आणि ते काम हातापायांना पाठ आहे. चालण्याचा तर वेगळाच फायदा आहे, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2014 ला बघितलं की बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालताना माणसांना नव्या कल्पना सरासरी 60 टक्के जास्त सुचल्या, आणि मोकळ्या हवेतच चालायला पाहिजे असंही नाही, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी फायदा दिसला.

बंद पडतं का, तर नाही. मेंदू काय मोटरीसारखा जळत नाही. पण जे वापरतो ते वाढतं हे मात्र खरं आहे. 1995 साली जर्मनीतल्या लोकांनी व्हायोलिन, चेलो वाजवणाऱ्यांचा मेंदू मोजला तर डाव्या हाताच्या बोटांसाठीचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांचा जास्त. सात-आठ महिने सुट्टी दिली एवढंच झालंय तुमच्याकडे.

लातूर_एक्स्प्रेस

ताई म्हणतात ते ठीक पण हे सगळं उजव्या मेंदूचं काम असतं ना? डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा. माझ्या मुलाला आम्ही इथं एका क्लासला घातलं होतं, उजवा मेंदू जागा करतात म्हणून, डोळ्यावर पट्टी बांधून रंग ओळखायला लावायचे आणि कानात म्युझिक. अठरा हजार भरले. वर्षभरानं पट्टीच्या खालच्या फटीतून बघतो हे पोरानंच सांगितलं. पैसे परत मागितले तर सही केलेला कागद दाखवला. तेव्हापासून ह्या विषयावर विश्वास बसत नाही पण ते उजवं-डावं खरं आहे का तेवढं सांगा.

कळंबची_ताई

तुमच्या अठरा हजारांचं वाचून खूप वाईट वाटलं. पोरानं खरं सांगितलं याचं कौतुक करा त्याचं.

उजवं-डावं हे अर्धवट ऐकून पसरलेलं आहे. रॉजर स्पेरी यांनी ज्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन बाजू जोडणारा पट्टा फिट्सच्या आजारासाठी कापलेला होता त्यांचा अभ्यास केला, दोन्ही बाजूंची कामं काही बाबतीत वेगळी असतात हे दाखवलं, त्याला 1981 चं नोबेल मिळालं. ते काम खरं आहे. पण आपला पट्टा शाबूत आहे, दोन्ही बाजू सतत बोलत असतात. गाणं म्हणताना शब्द, ताल, सूर, आठवण, हातांची हालचाल सगळं लागतं आणि ते सगळीकडे पसरलेलं आहे. कलेचा मेंदू असा वेगळा अर्धा भाग कुणाकडेही नाही.

असंच दुसरं ते मोझार्टचं. 1993 ला 36 कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवून कागदाच्या घड्यांचा वगैरे एक प्रकारचा पेपर दिला, थोडे मार्क वाढले, परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. तेवढ्यावरून बाळाच्या कानाशी सीडी लावून बाळ हुशार होतं म्हणून धंदा उभा राहिला. प्रयोगात बाळं नव्हतीच.

पेटीमास्तर_अंबाजोगाई

बाबा, तुझा प्रश्न वाचला. चाळीस वर्षं पेटी-तबला शिकवतोय. डॉक्टर ताईंनी फार छान सांगितलं पण त्यात एक भर घालावी वाटते, नाहीतर आमच्या पोरांचा गैरसमज होईल.

तपासनीस झोपला की गाणं येतं हे खरं. पण तो कुणाचा झोपला पाहिजे? ते सहा पियानोवाले आयुष्यभर वाजवत आलेले होते. ज्यानं पलटे, म्हणजे सुरांचे उलटसुलट सरावाचे पाठ, घोटले नाहीत त्याचा तपासनीस झोपला तर नुसता गलका ऐकू येईल. आमच्या गुरुजींनी मला दीड वर्ष एका रागापलीकडे जाऊ दिलं नाही, सकाळी पाचला भूप आणि संध्याकाळीही भूप. मी कंटाळून रडायचो. एका दिवशी पलटे करताना हात आपोआप एका वेगळ्याच जागेला गेला, वरच्या सा वरून धैवत न घेता सरळ पंचमावर उतरला, आणि मी थांबलो. गुरुजी आतल्या खोलीत दाढी करत होते, तिथूनच म्हणाले, थांबू नको, तिथंच फिर. मला वाटतं तो माझा पहिला स्वतःचा सूर. दीड वर्षांनी आला.

आपल्या मातीतलं एक सांगतो. देवगिरीला, म्हणजे आत्ताच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता, त्यानं तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला. सात अध्याय. आजही उत्तरेचे नि दक्षिणेचे दोन्ही गवई त्याला मानतात. त्यात शब्दही स्वतः करतो आणि चालही स्वतः बांधतो अशा माणसाला वाग्गेयकार म्हटलंय, शब्दाला मातु आणि चालीला धातु, आणि उत्तम वाग्गेयकाराच्या अंगी काय काय पाहिजे त्याची भली मोठी यादी दिलीय. व्याकरण पाहिजे, छंद पाहिजेत, लय-ताल पाहिजे, दुसऱ्याचं मन ओळखता आलं पाहिजे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या देवगिरीवर बसून माणसानं हाच विचार केला की रचणाऱ्याच्या आत काय असावं लागतं. पोरांना हे कुणी सांगत नाही म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी सांगतो.

मशीनबद्दल माझा राग नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा जुनी मंडळी नाकं मुरडायची, आज माझ्या क्लासात तोच लागतो. पण तानपुरा तुझ्यासाठी गात नाही, तो फक्त सा धरून बसतो. हा फरक लक्षात घे.

बीड_टू_हिंजवडी

गुरुजींचा शेवटचा मुद्दा एकदम बरोबर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ह्याच प्रकारच्या सिस्टीमवर काम करतो तर आत काय चालतं ते सोप्यात सांगतो. मशीनला ढिगानं गाणी ऐकवलेली असतात, आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून, आणि ह्या तुकड्यानंतर बहुतेक कोणता तुकडा येतो हे ते शिकतं. तुम्ही "गवळण ढोलकी" लिहिलं की आजवर ऐकलेल्या तशा गाण्यांत जे जास्त वेळा घडलं त्याच्या आसपासचं ते काढून देतं. म्हणून पहिल्या झटक्यात कानाला गोड लागतं, ओळखीचं असतं ना. आणि म्हणूनच चाळीस गाण्यांनंतर सगळी एकाच घरातली वाटायला लागतात. आमच्या चौसाळ्याकडं गवळणीत मधेच जी टाळी तुटते आणि बुवा हसून परत उचलतो ते त्या ढिगात जवळपास नाहीच, कारण ते कुणी रेकॉर्ड करून टाकलेलंच नाही.

2024 ला एक अभ्यास आला, जवळपास तीनशे लोकांना एकदम छोट्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना एआयनं कल्पना दिल्या. वाचणाऱ्यांना एआयच्या मदतीच्या गोष्टी जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः ज्यांना मुळात कमी सुचत होतं त्यांच्या. पण सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकट्याचा फायदा, सगळ्यांचा मिळून तोटा. मला हे वाचून आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सची आठवण झाली, एकेक बघितला तर भारी असतो.

मेंदूचं विचाराल तर 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी 54 जणांना निबंध लिहायला लावून डोक्याला वायरी लावून बघितलं. एक गट चॅटजीपीटी वापरून, एक गुगल वापरून, एक नुसता स्वतःच्या डोक्यानं. चॅटजीपीटीवाल्यांच्या मेंदूतले भाग एकमेकांशी सगळ्यात कमी बोलत होते आणि बऱ्याच जणांना स्वतःच्या निबंधातलं एक वाक्य धड सांगता आलं नाही. तो दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधीचा कच्चा पेपर होता, माणसं थोडी आहेत, त्यावरून मेंदू सडतो वगैरे बातम्या आल्या तसं काही त्यात नाही. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, ज्यांनी आधी स्वतः लिहिलं होतं आणि नंतर मशीन दिली त्यांचा मेंदू मशीन वापरताना सुद्धा जोरात चालला.

म्हणून माझा नियम असा, कोडिंग असू दे का गाणं, पहिला कच्चा खर्डा स्वतःचा. कितीही वाईट असू दे. दादा तुम्ही लिहिलंय की आधी निम्म्या चाली टाकून द्याव्या लागायच्या, त्या टाकलेल्या निम्म्यांनीच पुढच्या निम्म्या काढल्या होत्या. मशीननं तुमच्या चांगल्या चाली नेल्या नाहीत, वाईट चाली नेल्या.

रानातली_पेटी

शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला राव. वाईट चाली नेल्या. खरंच, आठ महिन्यांत मी एक बी वाईट चाल केली नाही.

जात्याची_घरघर (सेलू)

लेकरा, मी रिटायर शिक्षिका आहे, गाण्यातलं मला शास्त्र कळत नाही. पण तू दारं धरताना सुचतं म्हणालास तेव्हा माझी माय डोळ्यासमोर आली म्हणून लिहायला बसले.

माय पहाटे चारला जात्यावर बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, जात्याची घरघर डोक्यात आणि वरून तिचा आवाज. उजव्या हातानं खुंटा, डाव्या हातानं जात्याच्या तोंडात वैरण घालायची, मूठ-मूठ ज्वारी, आणि तो हात कधी चुकला नाही, नजर दुसरीकडंच असायची, कुडाच्या फटीतून दिसणाऱ्या उजेडाकडं. ओवी कशी म्हणायची ते ऐक. पहिली ओळ ठरलेली, सगळ्यांना माहीत असलेली, गावाची नाहीतर देवाची. ती एकदा म्हणायची, परत म्हणायची, कधी तिसऱ्यांदा. मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती उगाच परत म्हणत नव्हती. त्या परत म्हणण्यात तिची दुसरी ओळ तयार होत होती. आणि दुसरी ओळ आली की ती फक्त तिची असायची. भावाचं बैल विकलं तर त्या दिवशीच्या ओवीत बैल. मी पाचवीत पहिली आले तर माझं दप्तर. सासूचं बोलणं तोंडावर कधी काढलं नाही तिनं, जात्यावर काढलं.

माय शाळेत गेली नव्हती. तिला सही येत नव्हती. पुण्याकडच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमा केल्या, एक लाखाच्या वर, आता त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात, आपल्या माजलगावच्या बायांच्या पण आहेत त्यात. मी ऐकते अधूनमधून. एक लाख ओव्या आणि त्या करणारीला कुणी कलावंत म्हटलं नाही. तुझ्या गंगाखेडची जनाबाई तरी दुसरं काय करत होती?

तर पाळण्याला बसताना पेटी घेऊ नको. हाताला काहीतरी काम दे. आणि पहिली ओळ सोपी, सगळ्यांची ठेव, जो बाळा जो जो ची, ती म्हणत राहा. दुसरीची घाई करू नको.

कळंबची_ताई

काकू, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि आईला फोन लावला.

ती परत-परत म्हटलेली पहिली ओळ, त्याबद्दल मला एवढं सांगता येईल की मेंदूत एक जाळं आहे जे आपण बाहेरच्या कामात गुंतलेलो नसताना जास्त चालतं, आठवणी, माणसं, पुढचे विचार असं सगळं त्यात फिरत असतं. डिफॉल्ट मोड म्हणतात, मार्कस रेकल यांनी 2001 ला हे नाव दिलं. ज्यांना जास्त सुचतं त्यांच्यात हे भटकणारं जाळं आणि तपासणारं जाळं, जी एरवी आळीपाळीनं चालतात, ती दोन्ही एकत्र काम करताना दिसलीत. आईंच्या जात्यावर हात नि ठरलेली ओळ आपोआप चालू, भटकायला मन मोकळं, आणि ओवीच्या मापात बसवायला तपासनीस जरा बाजूला बसलेला पण झोपलेला नाही. एखाद्या प्रयोगशाळेला मांडायला अवघड जाईल इतकी नेमकी मांडणी आहे ही.

आणि गुरुजी, पलट्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. अजून एक तुमच्या कामाचं, 2014 ला लिंब यांच्याच गटानं दोन वादकांना एकमेकांना उत्तरं देत वाजवायला लावलं, आपला सवाल-जवाब. तर भाषेची वाक्यरचना जिथं चालते ते भाग जागे झाले आणि शब्दाच्या अर्थाशी संबंधित भाग शांत झाले. तुळजापूरला गोंधळात संबळ आणि तुणतुणं एकमेकांशी बोलतात असं आपण म्हणतो, ते नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

पेटीमास्तर_अंबाजोगाई

ताई, हे माहीत नव्हतं. उद्या क्लासात सांगतो. एक विचारू का, तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर यायचं, ती चालू झाली की समेची वाट बघताना जे होतं छातीत, आणि सम आल्यावर जे होतं, ते वेगळं असतं असं मला कायम वाटतं. त्याचं काही आहे का?

कळंबची_ताई

आहे की गुरुजी. मॉन्ट्रियलला रॉबर्ट झटोरे यांच्या प्रयोगशाळेत 2011 ला हेच बघितलं. ज्या गाण्याला अंगावर काटा येतो ते आपापलं गाणं लोकांनी आणायचं. काटा यायच्या आधी, वाट बघताना, मेंदूच्या एका भागात डोपामिन नावाचं रसायन सुटतं, कॉडेट म्हणतात, आणि प्रत्यक्ष तो क्षण आला की दुसऱ्या भागात, न्यूक्लियस अकम्बन्समध्ये. तिहाईची धाकधूक वेगळीकडं, समेचं सुख वेगळीकडं. तुम्हाला ते यंत्राशिवाय कळलं होतं.

रानातली_पेटी

मंडळी, अपडेट द्यायला आलो. उद्या बारसं आहे.

परवा रात्रीची पाळी होती, लाईट बाराला यायची ती पावणेदोनला आली. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला, बॅटरी नि खोरं घेऊन गेलो. रानात पाणी सोडलं. काकूनं सांगितलं तसं पहिली ओळ धरली, जो बाळा जो जो, तीच म्हणत सरी-सरीनं चाललो. पहिले दोन-तीन वाफे काही नाही. मग जे आलं ते लई वाईट आलं, एकदम सिनेमातलं, मी म्हणलं येऊ दे. अजून एक वाईट आलं. बांधावर लाईटची डीपी आहे, ट्रान्सफॉर्मर, तिच्या खालून वळताना ती घूं करत असते बघा रात्री, त्या आवाजावर माझा सा कधी जाऊन बसला कळलंच नाही, आणि दुसरी ओळ खाली उतरायची सोडून वर गेली. वर जाऊन तिथंच थांबली, जसं माय पाळण्याची दोरी ओढून क्षणभर धरते आणि मग सोडते तसं. मी खोरं टाकून बांधावर बसलो. पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेलं, सकाळी त्यांना सांगितलं, त्यांनी समजून घेतलं.

घरी येईपर्यंत पन्नासदा म्हणत आलो विसरू नये म्हणून. पेटीवर धरलं तर सा पांढरी पाच, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर निघाला, जरा चढा. माझ्या जुन्या चाली आठवून बघितल्या, रानात सुचलेल्या बऱ्याच पांढरी पाचच्या आसपासच आहेत. हे कसं काय?

बीड_टू_हिंजवडी

दादा हे तर भारीच आहे!! आपली लाईट सेकंदाला 50 वेळा इकडून तिकडं होते, 50 हर्ट्झ म्हणतात ते, आणि डीपीच्या आतला लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा थरथरतो, म्हणजे 100 हर्ट्झचा आवाज. खालच्या सप्तकातली पांढरी पाच 98 हर्ट्झला असते. म्हणून तुम्हाला जरा चढी वाटली. डीपी तुमचा तानपुरा आहे, इतकी वर्षं सा धरून बसलाय.

पेटीमास्तर_अंबाजोगाई

वा. आणि बायकांच्या गळ्याला पांढरी पाच चांगली बसते, पाळणा त्यांनाच म्हणायचाय. फक्त एक सांगतो, वर गेलेल्या ओळीला तू थांबतोस तो सूर कोणता? शुद्ध नि असेल तर बायकांना सगळ्यांना मिळून धरायला जड जाईल, कोमल लावून बघ.

रानातली_पेटी

गुरुजी, शुद्धच होता. तुमचं वाचून कोमल करून बघितला तर दोरी सैल पडल्यासारखं झालं म्हणून शुद्धच ठेवला होता. पण आज सकाळी मावशीला नि दोघी-चौघींना शिकवायला बसलो तर तुम्ही म्हणला तसंच झालं, तिथं त्यांना थांबता येईना. मावशीनं तिसऱ्या कडव्याला तो नि नुसता शिवून सरळ वरच्या सा वर नेऊन सोडला, न सांगता, आणि बाकीच्या तिच्या मागं गेल्या. मी पेटी थांबवून ऐकत बसलो. आता सगळी कडवी तशीच घेणार आहोत. रेकॉर्डिंग परवा टाकतो.